शिष्यवृत्ती आणि संशय

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त घोडेगाव येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला शिक्षण या विषयावर बोला म्हणून सांगितले. आता शिकले पाहिजे हे आपल्या वस्तीत कोणाला सांगायची गरज राहिलेली नाही. धुणीभांडी करणारी बाईसुद्धा पोरीच्या क्लासची फी आधी बाजूला काढते आणि मग किराणा भरते. म्हणून ते सोडून आम्ही आज वेगळेच बोलणार आहोत. पोरगा शिकला, परीक्षा पास झाला, शिष्यवृत्ती मिळाली, कागद हातात आला, आणि दाराशी गेल्यावर त्याला सांगितले की तू अमुक देशाचा आहेस, तुझ्यापासून आमच्या सुरक्षिततेला धोका आहे, तू आत येऊ नकोस. अशा पोरांविषयी बोलायचे आहे.

आम्ही काही प्राध्यापक नाही. साखर कारखान्याच्या मिल विभागात फिटर म्हणून उमर गेली. जे काही वाचले ते रात्रपाळीला आणि सीझन बंद असताना वाचले. तेव्हा बोलण्यात शाळामास्तरी नीटनेटकेपणा नसेल, ते गोड मानून घ्या.

तुम्ही म्हणाल, कुठले परदेशी विद्यार्थी आणि कुठले घोडेगाव! पण एका रात्रीत निघालेला आदेश म्हणजे काय असतो, हे आपल्या गावाला दुसऱ्याने शिकवायला नको. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी आली. आदल्या दिवशी ज्या कांद्याला भाव होता तो दुसऱ्या दिवशी मार्केटात उतरवायचीसुद्धा लाज वाटावी असा झाला. ती बंदी मे २०२४ मध्ये उठली, पण तोवर चाळीतला माल आणि घरातले लग्न, दोन्ही गेले. कांदा उत्पादकाने गुन्हा काय केला होता? काहीच नाही. दिल्लीत कागदावर सही झाली, बस्स. शिष्यवृत्तीवाल्या पोरांचेही असेच होते, फरक एवढाच की कांद्याचे पुढच्या वर्षी पुन्हा पीक येते, माणसाच्या आयुष्यातली चार वर्षे पुन्हा येत नाहीत.

आता पुण्याची गोष्ट ऐका. आपली मुले पुण्याला शिकायला जातात, तशी बाहेरच्या देशांतली मुलेही पुष्कळ वर्षांपासून पुण्याला येतात. इराणची, येमेनची, आफ्रिकेतली, नेपाळची आणि अफगाणिस्तानची. परदेशी मुलांची पुण्यात परवड होते हे पाहून डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ मध्ये सिंबायोसिस काढले, ते पुढे केवढे मोठे झाले ते सर्वांना माहीत आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातही परदेशी मुले शिकतात. सावित्रीबाईंच्या नावाच्या विद्यापीठात काबूलची मुलगी शिकते, हे ऐकून आम्हाला फार बरे वाटले होते.

या मुलांपैकी पुष्कळांना आपल्या भारत सरकारचीच शिष्यवृत्ती असते. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद नावाची संस्था आहे, ती मौलाना आझादांनी १९५० मध्ये स्थापन केली. तिच्यामार्फत अफगाणिस्तानच्या मुलांना दरवर्षी हजार शिष्यवृत्त्या मिळत होत्या. फी, राहण्याचा खर्च, दरमहा विद्यावेतन. भारताने त्या देशाला रस्ते दिले, धरण दिले, संसदेची इमारत बांधून दिली, पण आमच्या मते सर्वांत चांगली देणगी ही शिष्यवृत्तीच होती.

मग कोरोना आला. वसतिगृहे बंद झाली, कॉलेज मोबाईलवर सुरू झाले, आणि पुष्कळ अफगाण मुले घरी गेली. जाताना खोलीत पुस्तके, कपडे, पंखा ठेवून गेली असतील, कारण परत यायचेच होते. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल तालिबानच्या हाती पडले. आणि २५ ऑगस्टला आपल्या गृहखात्याने जाहीर केले की जे अफगाण नागरिक सध्या भारतात नाहीत, त्यांना आधी दिलेले सर्व व्हिसा तात्काळ रद्द. कारण काय दिले? काही अफगाण पासपोर्ट गहाळ झाल्याच्या बातम्या आहेत, तेव्हा यापुढे नव्या ई-व्हिसावरच यायचे.

'सर्व' हा शब्द लक्षात ठेवा. गहाळ झाले काही पासपोर्ट, रद्द झाले सर्वांचे व्हिसा. ज्याचा पासपोर्ट त्याच्याच खिशात होता त्याचाही व्हिसा रद्द. नव्या ई-व्हिसासाठी अर्ज केले तर उत्तर नाही. अडीच हजारांच्या आसपास विद्यार्थी असे तिकडे अडकले, असे तेव्हाच्या वर्तमानपत्रांतून आले होते. कोणाची शेवटची परीक्षा राहिलेली, कोणाचा प्रबंध अर्धा. तिकडे वीज नाही, इंटरनेट नाही, आणि तालिबानचे राज्य. डिसेंबर २०२२ मध्ये तालिबानने मुलींना विद्यापीठाची दारे बंद केली. म्हणजे ज्या मुलीजवळ पुण्याची नाहीतर दिल्लीची शिष्यवृत्ती होती, तिला आपल्या देशात शिकू देत नाहीत आणि दुसरा देश येऊ देत नाही. माहेरही गेले आणि सासरही गेले म्हणतात ना, तसे. पुढे परिषदेने त्या मुलांसाठी घरबसल्या ऑनलाईन शिकण्याच्या शिष्यवृत्त्या काढल्या, व्हिसाचे नियमही कालांतराने थोडे सैल झाले, हेही सांगितले पाहिजे. पण ज्यांची वर्षे गेली त्यांची गेली.

आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये काय झाले? त्याच तालिबानचा परराष्ट्रमंत्री दिल्लीत आला. सरकारी इतमामाने आला. त्याच्या पहिल्या पत्रकार परिषदेत बाई पत्रकारांना बसू दिले नाही म्हणून देशभर ओरड झाली, तेव्हा त्याने दुसरी घेतली. राजकारणात शत्रूशीही बोलावे लागते, हे आम्हाला समजते. पण ज्यांच्या भीतीने मुलींचे व्हिसा रद्द झाले ते पाहुणे म्हणून आले आणि ज्या मुली त्यांच्याच भीतीने पळू पाहत होत्या त्या बाहेर राहिल्या, हा हिशेब आमच्या फिटरच्या डोक्यात काही बसत नाही.

कोणी म्हणेल, देशाची सुरक्षा म्हणजे चेष्टा आहे काय? मुळीच नाही. पुण्यात १३ फेब्रुवारी २०१० ला जर्मन बेकरीत स्फोट झाला, सतरा माणसे गेली. मुंबईचा २६ नोव्हेंबर २००८ आपण कोणी विसरलेलो नाही. भीती खरी आहे. पण त्या जर्मन बेकरीत मेलेल्यांत शिकायला आलेले परदेशी विद्यार्थीही होते, हे आपण विसरून जातो. बॉम्बला व्हिसा कळत नाही. तपासणीला आमची हरकत नाही. परदेशी विद्यार्थ्याने येताच पोलिसांकडे नोंदणी करावी लागते, पत्ता बदलला तर कळवावे लागते, १९३९ च्या कायद्यापासून हे चालत आले आणि त्या जागी २०२५ मध्ये जो नवा कायदा आला त्यात विद्यापीठानेही या मुलांची माहिती सरकारला द्यायची असे आहे. ठीक आहे, द्यावी. माणूस तपासा, त्याचे कागद तपासा, दहा वेळा तपासा. आमचा आक्षेप आहे तो माणूस न तपासता जात तपासण्याला, आणि इथे जात म्हणजे देश.

हे आम्ही पुस्तकात वाचून बोलत नाही. कारखान्यात एका सीझनला तांब्याची केबल चोरीला गेली. लगेच कोणाकडे बोट? ऊसतोडीच्या टोळ्यांकडे. रात्री अकराला वॉचमन कोप्यांवर गेले. चुलीपुढची भांडी उलटी केली, बाळंतिणीचे गाठोडे सोडून पाहिले. केबल सापडली नाही. ती कुठून सापडली ते पुढे कळले, चोर आतलाच होता, त्याला रोज गेटवर सलाम मिळत होता. पण कोप्यांवरच्या माणसांची कोणी माफी मागितली नाही. त्यांनीही मागितली नाहीत, सकाळी कोयते घेऊन फडात गेले. आम्ही युनियनच्या मीटिंगमध्ये हा विषय काढला तर एक जण म्हणाला, अहो, ते बाहेरचे लोक, त्यांचा काय भरवसा. बाहेरचे म्हणजे कुठले? शेजारच्या बीड जिल्ह्यातले!

आणि पारध्यांचे काय? इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा केला की काही जमाती जन्मानेच गुन्हेगार. मूल पाळण्यात आहे तोच त्याच्यावर संशय. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण आपल्या नगर जिल्ह्यात रात्री कुठे दरोडा पडला तर पहाटे पोलिसांची गाडी कुठल्या पालावर जाते, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आपल्याही बापजाद्यांना गावात शिरताना हाळी द्यावी लागत होती. का, तर जन्म. तेव्हा 'अमुक देशाचा म्हणून धोका' हे वाक्य ऐकले की दुसऱ्या कोणाला नाही तरी आपल्याला त्याचा वास ओळखीचा वाटला पाहिजे.

जुन्या काळी याला काय उपाय होता ते सांगतो. ह्युएन त्संग हे नाव शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेले आहे. परीक्षेपुरते वाचून विसरलेलेही आहे. हा चिनी भिक्खू इसवी सन ६२९ च्या सुमारास घरून निघाला. त्या वेळी तिथल्या बादशहाने सरहद्द बंद केलेली होती, लढाईचे दिवस होते, प्रजेने देश सोडायचा नाही असा हुकूम. म्हणजे तीही सुरक्षाच! त्याने परवानगी मागितली, मिळाली नाही. मग दिवसा लपायचे, रात्री चालायचे. सरहद्दीच्या बुरुजाजवळ पाणी भरायला गेला तर वरून बाण आले. बुरुजावरचा अधिकारी बौद्ध उपासक होता, त्याने त्याला पकडून परत न पाठवता पुढची वाट दाखवली. असा तो विनापरवाना विद्यार्थी बामियानला आला. तिथे डोंगरात कोरलेल्या बुद्धांच्या प्रचंड मूर्ती त्याने पाहिल्या आणि लिहून ठेवल्या. त्याच मूर्ती मार्च २००१ मध्ये तालिबानने सुरुंग लावून उडवल्या. तेव्हा आपण विहारा-विहारांत निषेध केले, आठवत असेल. मूर्तींसाठी आपण रडलो ते योग्यच होते. पण त्याच बामियानच्या दरीत राहणाऱ्या माणसांची पोरे आज शाळेसाठी रडतात, त्यांचे काय?

असो. तर ह्युएन त्संग पुढे नालंदाला आला. नालंदाचा खर्च कसा चाले? राजाने शंभर गावांचा महसूल त्या विद्यापीठाला लावून दिला होता, असे तो लिहितो. त्या गावांतून तांदूळ, दूध, लोणी येई. त्यामुळे विद्यार्थ्याला अन्न, वस्त्र, औषध, अंथरूण यांसाठी कोणापुढे हात पसरावा लागत नसे. त्याला स्वतःलाही रोजचा शिधा ठरवून दिला होता, आणि तांदूळ साधासुधा नाही, चांगला सुवासिक. हीच शिष्यवृत्ती! परदेशातून आलेल्या, पासपोर्ट नसलेल्या माणसाला आपल्या बिहारमधल्या शेतकऱ्याच्या घामातून मिळालेली शिष्यवृत्ती.

आता नालंदाला दारावर कोणी नव्हते काय? होते. दारावर पहारा होता, आणि फार कडक होता. दारपालच विद्वान असे. येणाऱ्याला तो अवघड प्रश्न विचारी. दहांतले सात-आठ जण उत्तर न देता आल्याने तिथूनच परत जात, असे ह्युएन त्संगाने लिहिले आहे. बघा बरं, दार उघडे टाकलेले नव्हते. पण दारावर विचारत काय होते? तुला काय येते, हे. त्याच्या देशाचा राजा आपल्या बाजूचा आहे की नाही, यावर त्याचा प्रवेश अडत नव्हता. आत गेल्यावर वयोवृद्ध शीलभद्र आचार्यांनी त्याला जवळ बसवून शिकवले. तो आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला, पुलकेशी राजाचा काळ होता तो. इथल्या माणसांविषयी त्याने लिहिले आहे की उपकार करणाऱ्याला विसरत नाहीत आणि अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत. स्वभाव ओळखला म्हणायचा! ६४५ मध्ये तो सहाशे सत्तावन्न ग्रंथ घेऊन आपल्या देशी परतला, आणि ज्या बादशहाचा हुकूम मोडून गेला होता त्यानेच त्याचे स्वागत केले. इथले कित्येक मूळ ग्रंथ पुढे नष्ट झाले, ते चिनी भाषेत शिल्लक राहिले. एका विद्यार्थ्याला आपण जेवू घातले, त्याने आपलाच ठेवा आपल्यासाठी जपून ठेवला.

आता बाबासाहेबांकडे येतो. बाबासाहेबही परदेशी विद्यार्थीच होते की! बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. ४ जून १९१३ ला करारावर सही झाली, परत येऊन दहा वर्षे संस्थानात नोकरी करायची. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. तिथे कोलंबिया विद्यापीठात त्यांना कोणी जात विचारली नाही. ९ मे १९१६ ला डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. पंचवीस वर्षांचा पोरगा, परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्या देशाच्या मूळ दुखण्यावर बोट ठेवतो आहे. तिथून लंडनला गेले. आणि १९१७ मध्ये मुदत संपली म्हणून बडोद्याहून बोलावणे आले. अभ्यास अर्धा टाकून, महायुद्धात बोटी बुडत असताना, परत यावे लागले. त्यांचे सामान, पुस्तके ज्या बोटीत होती ती पाणतीराने बुडवली. अर्धवट सुटलेल्या शिक्षणाचे दुःख काय असते, हे त्या काबूलच्या मुलांइतके जर कोणाला कळले असते तर ते बाबासाहेबांना.

१९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज, एवढ्यावर. तिथे विद्यार्थ्यांपुढे त्यांनी एक निबंध वाचला तर त्यातले विचार क्रांतिकारकाचे आहेत असे बोलले गेले, असे धनंजय कीर यांनी चरित्रात नोंदवले आहे. रुपयावरच्या प्रबंधातली टीका साम्राज्याला झोंबली, तो दुरुस्त करून परत द्यायला सांगितला. त्यांनी भाषा सौम्य केली, निष्कर्ष तेच ठेवले, आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. आमचे म्हणणे एवढेच, की इंग्रजांसारख्या परक्या राज्यकर्त्यालाही हा पोरगा बोचत होता, पण त्याला पदवी नाकारून बोटीवर बसवले नाही. बसवले असते तर? या देशाची घटना कोणी लिहिली असती?

पुढे मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४२ मध्ये व्हाईसरॉयला निवेदन दिले, त्यात आपल्या मुलांना विज्ञान-तंत्रज्ञान शिकायला आणि परदेशी पाठवायला सरकारने दरवर्षी रक्कम ठेवावी अशी मागणी केली. स्वतः वर चढल्यावर शिडी ओढून घेणारे पुष्कळ, खाली सोडणारा तो एकच. स्वातंत्र्यानंतर १९५४-५५ पासून केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती सुरू झाली. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, तीत अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी पंचाहत्तर जागा आहेत. त्यातून झोपडपट्टीतली, शेतमजुराची पोरे लंडन-न्यूयॉर्कला गेली.

आता पाहा, अफगाण मुलांचे झाले ते आपल्या मुलांच्या दाराशी कसे येऊन ठेपले आहे. अमेरिकेत फ्लोरिडा म्हणून राज्य आहे. तिथे २०२३ मध्ये कायदा झाला, चीन, रशिया, इराण, उत्तर कोरिया, क्युबा, व्हेनेझुएला आणि सीरिया या सात देशांतल्या मुलांना सरकारी विद्यापीठात साहाय्यक म्हणून घ्यायचे तर वरून खास परवानगी हवी. तिकडे पीएच.डी. करणारा मुलगा प्रयोगशाळेत नाहीतर वर्गात साहाय्यकाचे काम करतो आणि त्या विद्यावेतनावर जगतो. ते बंद म्हणजे शिक्षण बंद. कारण तेच, सुरक्षा. मुले कोर्टात गेली. तुम्ही म्हणाल त्या सात देशांत भारत नाही. नाही. पण यादी करायची सवय एकदा लागली की यादीत नाव घालायला वेळ लागत नाही.

जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी बारा देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली, त्यात अफगाणिस्तान होते, येमेन होता, आणि म्यानमार हा आपला धम्मबांधव देशही होता. त्याच्या आधी मे महिन्याच्या शेवटी विद्यार्थ्यांच्या व्हिसाच्या नव्या मुलाखतीच थांबवल्या, त्या जूनमध्ये सुरू केल्या तर अट अशी की फेसबुक-इन्स्टाग्रामचे खाते सर्वांना दिसेल असे उघडे ठेवा, आम्ही वाचणार. आपल्या मुलांनी तिथे काय लिहिलेले असते? चौदा एप्रिलचा फोटो, अत्याचाराच्या बातमीवर चार संतापाची वाक्ये. ते कोणत्या साहेबाला कसे दिसेल कोणी सांगावे? आणि कोलंबिया! बाबासाहेबांचे कोलंबिया! तिथे बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. मार्च २०२५ मध्ये त्या विद्यापीठाचे चाळीस कोटी डॉलरचे अनुदान सरकारने तोडले, आणि तिथे शिकणाऱ्या एका भारतीय मुलीचा व्हिसा रद्द झाला, ती देश सोडून निघून गेली.

अमेरिकेला नावे ठेवणे सोपे आहे. आपल्या घरचे काय? राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत २०२२ मध्ये एक ओळ घातली गेली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय घेऊन परदेशी जाणाऱ्याला ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. सरकार म्हणाले, या विषयांची साधने इथेच भरपूर आहेत, बाहेर कशाला जायचे? वरवर पाहता पटण्यासारखे वाटते. पण जरा १९१६ चा तो निबंध आठवा. भारतातील जाती, त्यांची घडण, त्यांची उत्पत्ती. विषय भारताचा, अभ्यास सामाजिक, विद्यापीठ परदेशी. या ओळीप्रमाणे त्या विद्यार्थ्याचा अर्ज पहिल्याच टेबलावर बाद झाला असता. यंत्राचा अभ्यास करा, औषधाचा करा, पण आपल्याला खाली कोणी ठेवले याचा अभ्यास बाहेर जाऊन करू नका, कारण बाहेर बोभाटा होतो. इथे कोणी सुरक्षा हा शब्द वापरला नाही, पण भीतीची जात तीच आहे.

मुंबईचे टाटा समाजविज्ञान संस्थान आपल्यापैकी काहींनी पाहिले आहे. तिथे केरळचा एक दलित विद्यार्थी पीएच.डी. करत होता, केंद्राची अनुसूचित जातींसाठीची छात्रवृत्ती घेऊन. जानेवारी २०२४ मध्ये तो दिल्लीला मोर्चात गेला. एप्रिलमध्ये संस्थेने त्याला दोन वर्षांसाठी निलंबित केले, त्याची कृत्ये राष्ट्रहिताची नाहीत म्हणून. संस्थेच्या आवारात पाय ठेवायला बंदी. संस्थेचे म्हणणे होते की मोर्चाच्या पत्रकात संस्थेचे नाव वापरले. उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्याची याचिका फेटाळली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, भोगले तेवढे निलंबन पुरे, त्याला पीएच.डी. पूर्ण करू द्या, असे सांगितले. एक वर्षाच्या वर गेले. नाव वापरले ही चूक मानली तरी तिला दोन वर्षे? आमच्या कारखान्यात बिनपरवाना मिटिंग घेतली तर मेमो मिळायचा, फार तर चार दिवस घरी बसवायचे.

आमचे मागणे फार मोठे नाही. ज्याला शिष्यवृत्ती दिली त्याला सरकारने शब्द दिलेला असतो. तो मागे घ्यायचा असेल तर त्या एका मुलाचे नाव घेऊन, कारण लेखी देऊन, त्याचे म्हणणे ऐकून घ्यावा. चौकशी चालू असेल तोवर विद्यावेतन बंद करू नये, परीक्षा जिथे आहे तिथून देऊ द्यावी. कामगाराला काढायचे तर चार्जशीट, चौकशी, बचावाला संधी, एवढे कायद्याने द्यावे लागते. हे आपण लढून मिळवले. शिकणाऱ्या पोराला तेवढेही नको?

आणि आपल्या पालकांना दोन शब्द. ज्यांची मुले परदेशी जायची तयारी करत आहेत त्यांनी प्रवेशपत्र, शिष्यवृत्तीचा आदेश, करारनामा, व्हिसाचा अर्ज या सर्वांच्या दोन-दोन झेरॉक्स घरी ठेवाव्यात आणि एक संच विहाराच्या कपाटात ठेवावा. मुलगा तिकडे अडकला तर इथून समाजकल्याण कार्यालयात जायचे कोणी आणि कोणता कागद घेऊन, हे आधी ठरलेले असावे. मुलांना घाबरवून गप्प बसवू नका, पण आपण काय लिहितो ते चारदा वाचून लिही, एवढे मात्र सांगा. फॉर्म भरणे आम्हाला फारसे जमत नाही, पण आपल्या वस्तीत एम.ए., एम.एस.डब्ल्यू. झालेल्या मुली आहेत, त्यांनी रविवारी विहारात दोन तास बसायचे कबूल केले आहे.

एक सूचना समितीपुढे ठेवतो आणि थांबतो. छत्रपती संभाजीनगरला, ज्या गावी बाबासाहेबांनी १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय उभे केले, तिथे त्यांच्या नावाच्या विद्यापीठात बाहेरच्या देशांची मुले शिकतात. थायलंडचे भिक्खू आहेत, येमेनची मुले आहेत. सणासुदीला खोलीवर एकटी बसतात. आपल्या गावावरूनच ती एस.टी. जाते. येत्या वैशाख पौर्णिमेला त्यांच्यातल्या आठ-दहा जणांना इथे जेवायला बोलवावे. त्यांना मराठी येत नाही आणि आपल्याला त्यांची भाषा येत नाही, ते आपल्या पोरी पाहून घेतील. खीर विहारात होईल, भाकरी प्रत्येक घरातून दोन-दोन याव्यात. येमेनची मुले मुसलमान आहेत, त्यांच्या पानाचे काय करायचे ते महिला मंडळाने आधी विचारून ठरवावे. येण्याजाण्याचे तिकीट आम्ही आणि आमच्या पाळीचे चार जण मिळून काढू.

जयभीम.